आठव्या काडतुसाची जागा

निष्ठावान : कोल्टच्या १९११ पिस्तुलाला कोणतं मॅगझीन घ्यावं, हा प्रश्न माझ्या दृष्टीनं शंभर वर्षांपूर्वीच सुटला आहे. जॉन मोझेस ब्राउनिंगनं पिस्तूल आखलं तेव्हा मॅगझीनही त्याच हिशेबात बसवलं. काडतुसांची एकच ओळ, संख्या सात, तोंडाशी मागून पुढे हळूहळू फाकत जाणारे पत्र्याचे दोन ओठ, आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसांना वर रेटणारी पट्टी, म्हणजे फॉलोअर. मार्च १९११ मधल्या निर्णायक लष्करी चाचणीत या पिस्तुलातून ६,००० फैरी झाडल्या. ते एकदाही अडलं नाही. स्पर्धेतलं सॅव्हेज ३७ वेळा अडलं. २९ मार्चला अमेरिकी सैन्यानं कोल्ट स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल राहिलं. दोन महायुद्धांचा चिखल, वाळू आणि खारा वारा त्यानं सात काडतुसांच्या मॅगझीनवरच सोसला. आज कोणी आठ काडतुसांचं, बदललेल्या ओठांचं, प्लॅस्टिकच्या फॉलोअरचं मॅगझीन पुढे करतो तेव्हा मी एवढंच विचारतो : मूळ आराखड्यातली कोणती चूक तुम्ही दुरुस्त करताय?

चिकित्सक : चूक होती असं मी म्हणत नाही. ६,००० फैरींचा दाखलाही मानतो. पण तो नेमका कशाचा दाखला आहे? निगुतीनं जुळवलेल्या एका पिस्तुलाचा, त्याच्याबरोबर बनलेल्या मॅगझीनचा आणि एकाच जातीच्या काडतुसाचा. ते काडतूस म्हणजे .४५ एसीपी : २३० ग्रेनची, जवळपास १५ ग्रॅम वजनाची, धातूचं आवरण असलेली गोल नाकाची गोळी, अख्ख्या काडतुसाची लांबी सुमारे ३२ मिलिमीटर. या त्रिकुटाला पैकीच्या पैकी गुण. पुढे काय झालं ते पाहा. ओहायोतल्या कॅम्प पेरीसारख्या ठिकाणी कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्यांनी शिशाची, चपट्या नाकाची सेमी-वॉडकटर गोळी वापरायला घेतली, कारण ती कागदाला कातरून काढल्यासारखं स्वच्छ भोक पाडते आणि गुण मोजताना वाद उरत नाही. तिच्या नाकाचा आकार वेगळा, काडतूसही बहुधा आखूड. मूळ ओठ अशा काडतुसाला उशिरा सोडतात. तोवर त्याचं नाक नळीकडे चढणाऱ्या उतारावर जाऊन अडतं. म्हणून समांतर, लवकर सोडणारे ओठ आले. नंतर पोकळ नाकाच्या गोळ्या आल्या, त्यांची तोंडं रुंद. त्यांच्यासाठी या दोन्हींच्या मधले, आधी मूळ ढंगानं फाकणारे आणि पुढे एकदम मोकळे होणारे ओठ निघाले. मॅगझीन बदललं ते काडतूस बदललं म्हणून. काडतूस आजचं घ्यायचं आणि मॅगझीन मात्र १९११ चंच हवं म्हणायचं, हा हट्ट झाला.

निष्ठावान : उशिरा सोडणं हा तुम्हाला दोष वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, पुढे येताना वरच्या काडतुसाला मागून ढकलते. ओठ हळूहळू फाकत असल्यामुळे काडतुसाचं बूड एकदम उसळत नाही, सावकाश वर चढतं. ओठांनी त्याला पूर्ण सोडण्याआधीच बुडाची कड पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकलेली असते. दिव्यावरून दिवा लावताना पहिली ज्योत विझू देत नाहीत, तसं हे आहे : एका पकडीतून दुसऱ्या पकडीत जाताना काडतूस क्षणभरही मोकळं राहत नाही. या पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा एकसंध लांब तुकडा. कड खालून सरकत यावी एवढीच त्याची अपेक्षा आहे. जे लोक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, हातानं काडतूस टाकून वर स्लाइड आदळतात, त्यांच्या पिस्तुलाचा आकडा कडेवरून उडी मारून मारून शेवटी वाकतो किंवा झिजतो. एकदम मोकळे होणारे ओठ काडतुसाला आकड्याकडे नेऊन पोचवत नाहीत, त्या दिशेनं फेकतात. बहुतेक वेळा ते जागेवर पडतं, हे खरं. पण बहुतेक वेळा हा शब्द मला या वस्तूच्या बाबतीत पुरत नाही. आणि लष्करी फॉलोअरवरचा तो छोटा उंचवटा आठवा. धक्क्यानं पिस्तूल मागे जातं आणि जडत्वानं काडतूस जागच्या जागी राहू पाहतं, म्हणजे पिस्तुलाच्या मानानं पुढे घसरतं. वरच्या काडतुसांना खालच्यांचा दाब धरून ठेवतो. शेवटच्याखाली कोणीच नसतं, आणि स्प्रिंगही तेव्हा सर्वांत सैल असते. त्याला अडवायला तो उंचवटा आहे. कितीतरी नव्या फॉलोअरवर तो गुळगुळीत करून टाकला, आणि मग शेवटचंच काडतूस का अडतं म्हणून लोक पिस्तुलाला दोष देतात.

चिकित्सक : मेख मान्य. पण ती मेख पत्र्यात घडवलेली आहे, आणि पत्रा कायम एका मापाचा राहत नाही. माझ्याकडे पहिल्या महायुद्धाच्या काळातलं दुरंगी मॅगझीन आहे. वरचा भाग कडक करण्यासाठी भट्टीतून काढलेला, म्हणून फिकट. खालचा निळसर काळा. हातात घेतलं की सोडवत नाही. ओठांची घडण अगदी तुम्ही वर्णन केलीत तशी. तरी त्यातून दर तिसरं-चौथं काडतूस अडायचं. व्हर्नियर लावून मोजलं तेव्हा कळलं, एक ओठ दुसऱ्यापेक्षा जास्त फाकला आहे. शंभर वर्षांत ते कधीतरी भरलेलं असताना फरशीवर पडलं असणार. आराखडा ब्राउनिंगचा होता, पण वस्तू आता ब्राउनिंगची उरली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक मॅगझीनच्या बुडावर रंगानं आकडा घालतो आणि वहीत टिपून ठेवतो : कोणतं मॅगझीन, कोणतं काडतूस, ओळीतलं कितवं अडलं, कसं अडलं. तीन नंबरचं मॅगझीन पुन्हा पुन्हा अडतं आणि बाकीची सुरळीत चालतात, तर दोष तीन नंबरचा. सगळीच अडतात, तर पिस्तूल पाहायला हवं. शेवटची पुंगळी बाहेर पडल्यावर स्लाइड मागे थांबत नाही, तर फॉलोअर स्लाइडला मागे अडवून धरणाऱ्या स्लाइड-स्टॉपला पुरेसा रेटत नाही. बहुधा स्प्रिंग थकली आहे. ही वही मला ओठांच्या तत्त्वज्ञानापेक्षा जास्त शिकवते. नवं मॅगझीन कोणाचं, कुठल्या घडणीचं, हे मी नंतर विचारतो. आधी त्यातून ज्या काडतुसावर भिस्त ठेवायची तीच शंभर तरी झाडतो. एकदा जरी विनाकारण अडलं, तर ते सरावापुरतं.

निष्ठावान : तुमच्या वहीबद्दल आदर आहे, पण ती सुटी सुटी माणसं ओळखते, कुळाचा नियम तिला कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल एकट्या कोल्टनं बनवलं नाही. आपल्या घरांत आजीच्या शिलाई मशीनवर जे सिंगर नाव होतं, त्या कंपनीनं ५०० पिस्तुलं बनवून दिली. टायपिंगच्या क्लासात ज्या रेमिंग्टनवर बोटं बसवली, त्या टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडनं तर सर्वांत जास्त बनवली. बंदुका बनवणारी इथाका होती, रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल होती. मॅगझीन आणखी वेगळ्याच कारखान्यांतून येत. त्यांतला स्कोव्हिल हा पितळेच्या कामाचा आणि बटणांचा जुना कारखाना. आणि तरी बटणवाल्याचं मॅगझीन टाइपरायटरवाल्याच्या पिस्तुलात बसायचं आणि चालायचं. सैनिकाच्या कंबरेला एक पिस्तूल, त्यात एक मॅगझीन आणि कापडी थैलीत आणखी दोन. ती कोणाच्या हातची, हे विचारायला त्याला सवड नव्हती. ही किमया कुणा एका कारागिराच्या हाताची नव्हती. एकाच आराखड्याला सगळे बांधील होते, म्हणून ते घडलं. आज प्रत्येक उत्पादक त्या आराखड्यापासून थोडा थोडा सरकला आहे, आणि मग प्रत्येक ग्राहकाला स्वतःची वही घालावी लागते. तुमची वही म्हणजे मोडलेल्या कराराची भरपाई आहे.

चिकित्सक : हे तुम्ही फार नेमकं बोललात, आणि तुमच्याच बाजूला ते अडचणीचं आहे. तो करार कागदावर नव्हता. तो सरकारी तपासनीस आणि त्याच्या मापपट्ट्या यांच्यात होता. मापात न बसणारा माल तिथून बाहेर जात नसे. आज तो तपासनीस कुठे आहे? एखाद्या नव्या पिस्तुलात चेंबर स्पर्धेसाठी घट्ट केलेलं, उताराचा कोन बदललेला, मूठ आखूड केलेली. हलक्या ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर काही धातूच्या फॉलोअरची पुढची कड उताराला खरवडते, हीसुद्धा मॅगझीन निवडतानाच पाहायची गोष्ट. अशा पिस्तुलात तुम्ही १९४३ चं लष्करी मॅगझीन घातलंत, तर मूळ नातं परत येत नाही. जोडीतला एकच जण जुना राहतो. तेव्हा तपासनीसाचं काम मालकाला करावं लागतं. आता आठव्या काडतुसाकडे या. सात हा आकडा तुम्ही पवित्र मानता, पण खुद्द ब्राउनिंग त्याला चिकटून बसला नव्हता. आयुष्याच्या शेवटी तो बेल्जियमच्या एफएनसाठी नव्या पिस्तुलावर काम करत होता. १९२६ मध्ये लिएजमध्ये तो गेला. ते पिस्तूल द्यूदोने सेव्ह यानं पुरं केलं आणि १९३५ मध्ये हाय-पॉवर म्हणून ते बाहेर आलं. मॅगझीनमध्ये १३ काडतुसं. पुढे तेच आपल्याकडे पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनून भारतीय सैनिकांच्या हाती आलं. सातवरून तेरावर जाणं ही प्रगती असेल, तर सातवरून आठवर जाणं पाप कसं?

निष्ठावान : उदाहरण तुमचं, पण साक्ष माझ्या बाजूनं आहे. सेव्हनं तेरा काडतुसं जुन्या पेटीत कोंबली नाहीत. त्यानं ती दोन ओळींत एकाआड एक रचली, वर तोंडाशी येताना पुन्हा एका ओळीत आणली, आणि त्यासाठी मूठ रुंद केली, काडतूस ९ मिलिमीटरचं ठेवलं. सुरुवातीच्या नमुन्यात काडतुसं जास्त होती. मूठ आखूड करायची ठरली तेव्हा संख्याही १३ वर उतरवली. एक बदलायचं तर दुसरं त्याच्याबरोबर बदलायचं, ही शिस्त त्यानं पाळली. तुमच्या आठव्या काडतुसासाठी कोणी काय बदललं? पेटी तेवढीच ठेवली. जागा काढली ती फॉलोअरचे पाय छाटून आणि स्प्रिंगला आणखी दाबून. म्हणजे आठवं काडतूस स्प्रिंगच्या आयुष्यातून कापून घेतलं. पूर्ण भरलं की ओळ खाली दबायला जागाच उरत नाही, म्हणून बंद स्लाइडखाली ते मॅगझीन नीट बसायलाही जोर लावावा लागतो. अर्धवट बसलं तर पहिल्याच फैरीला घात. आणि शेवटच्या काडतुसाशी येईतो ती दमलेली स्प्रिंग सर्वांत कमी जोर देते, नेमक्या त्याच जागी जिथे जोर हवा.

चिकित्सक : सुरुवातीच्या आठवाल्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. पण त्यानंतर लोक शिकले. चांगल्या आठच्या मॅगझीनमध्ये आज पेटी थोडी लांब असते, मुठीबाहेर येणाऱ्या बुडाला जाड गादी असते, स्प्रिंग वेगळ्या पोलादाची असते. तिथे कोणीतरी सेव्हचीच शिस्त पाळली आहे, फक्त मुठीऐवजी बुडाशी. काही जाणकार आठच्या मॅगझीनमध्ये सातच भरतात. स्प्रिंगला श्वास घ्यायला जागा राहते. तुमच्या कसोटीला हेही उतरतं. पण मला आता वेगळंच बोलायचंय, कारण मॅगझीनची निवड म्हटली की आपण फक्त अडण्याचा विचार करतो. हाय-पॉवरमध्ये फ्रेंच सैन्याच्या मागणीतून आलेली एक सोय आहे : मॅगझीन काढलं की चाप चालत नाही. त्यासाठीचा एक छोटा भाग मॅगझीनच्या पुढच्या अंगावर दाबून बसतो. म्हणून तिथे मॅगझीनचा पुढचा पृष्ठभाग खरबरीत असेल तर चाप जड लागतो, आणि खटका दाबला तरी मॅगझीन आपोआप खाली पडत नाही. पुढच्या काळात बुडाशी ढकलणारी स्प्रिंग लावलेली मॅगझीन आली ती याचसाठी. १९११ मध्ये ही सोय नाही. मॅगझीन हातात आलं तरी चेंबरमधलं काडतूस तसंच असतं आणि चापही तसाच जिवंत. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, या एका समजुतीनं माणसं गेली आहेत. माझ्या लेखी कोणतंही मॅगझीन विकत घेण्याआधी हे समजून घ्यायला हवं. पिस्तुलाच्या हृदयात मॅगझीन असतं असं आपण बोलतो, पण जीव घेणारं काडतूस त्या क्षणी मॅगझीनमध्ये नसतंच.

निष्ठावान : इथे आपल्यात मतभेद नाही, आणि म्हणूनच जरा जपून बोलतो. ती सोय मला नको वाटते, कारण ज्यानं हाय-पॉवरवर हात बसवला तो उद्या १९११ हातात घेईल आणि यंत्र आपली चूक सावरेल असं धरून चालेल. मॅगझीन बाहेर, स्लाइड मागे, डोळ्यांनी पाहायचं, बोटानं चाचपायचं, नळीचं तोंड तोवर सुरक्षित दिशेला. हा क्रम कोणत्याही मॅगझीननं बदलत नाही. पण यातून तुमच्याच वहीबद्दल एक शंका उठते. अडलेलं पिस्तूल हातात घेऊन माणूस बावचळतो, वळतो, शेजाऱ्याला दाखवतो, आणि नळी फिरते. तुमची पद्धत म्हणजे मॅगझीनला अडू द्यायचं आणि मग शिकायचं. चुकीची किंमत जिथे इतकी आहे तिथे तत्त्वावरून आधीच निवड करणं हे मला जास्त जबाबदार वाटतं.

चिकित्सक : मैदानावर, नळी समोर ठेवून, अडलेलं सोडवायला शिकलेल्या माणसालाच अडण्याची भीती कमी असते, तेव्हा शंका मान्य करूनही मी वही सोडणार नाही. पण मला खरी टोचणी दुसरीकडे आहे आणि ती तुमच्यापुढे ठेवतो. माझ्या सात नंबरच्या मॅगझीननं आजवर एकदाही दगा दिलेला नाही. कित्येक वर्षं झाली. ते कधी टाकून द्यायचं? स्प्रिंग थकते ती मुख्यतः दबून-सुटून, आणि जिला तिच्या ताकदीपलीकडे दाबलं आहे ती नुसत्या दबून राहण्यानंही. थकताना ती काही बोलत नाही. माझी सगळी पद्धत पुराव्यावर उभी आहे, आणि इथे पुरावा म्हणजेच अपघात. सात नंबर निकामी झालं हे मला ज्या फैरीला कळेल, ती फैर मला नको आहे. म्हणजे तिथे मला वही मिटून, कुठलाही पुरावा नसताना, नुसत्या तत्त्वावर स्प्रिंग बदलावी लागणार. तुमच्यासारखं.

निष्ठावान : आणि मला तुमच्यासारखं. माझ्याकडचं लष्करी मॅगझीन मी मूळ म्हणून जपतो. त्याची स्प्रिंग बदलली तर ते मूळ राहत नाही. नाही बदलली तर ज्या विश्वासासाठी ते मूळ हवं होतं तोच जातो. संग्रहाचं एक आणि झाडायचं दुसरं, असं वेगळं करून ठेवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं चुकत नाही. पण तसं केलं की मला कबूल करावं लागतं, की ब्राउनिंगच्या हिशेबातली जी गोष्ट मी टिकवू पाहतो ती त्या पत्र्यात नाही. ती ओठांच्या फाकण्यात आहे, काडतूस मोकळं न सोडण्यात आहे. ते तर एखाद्या नव्या मॅगझीनमध्येही असू शकतं, आणि एखाद्या जुन्यात, फरशीवर पडून, हरवलेलं असू शकतं. तसं असेल तर ओळखायचं कशावरून?

चिकित्सक : मोजून. आणि झाडून.

निष्ठावान : मोजायचं ते कशाच्या मापानं? मूळ आराखड्याच्याच ना. तुमच्या व्हर्नियरला बरोबर काय हे त्यानंच सांगितलं. आणि शंभर फैरींनी तुम्हाला कालचं सांगितलं. एकशे एकाव्याचं सांगायला पुन्हा माझं तत्त्वच पुढे येतं.

चिकित्सक : आणि तुमच्या तत्त्वाला ते या मॅगझीनमध्ये, या पिस्तुलात, या काडतुसाबरोबर आज जिवंत आहे का, हे विचारायला माझी वही. सात नंबरची स्प्रिंग मी या आठवड्यात बदलतो. नवी स्प्रिंग म्हणजे नवं मॅगझीन. पुन्हा पहिल्या फैरीपासून मोजणी. जुनीवर जेवढा भरवसा होता तेवढा हिच्यावर अजून नाही, आणि तरी जुनी काढायलाच हवी होती. यातली जास्त विश्वासाची कोणती, हे मला आज सांगता येत नाही.